नागपूरच्या उन्हाळ्यात थंड राहील असे लहान गेमिंग कॅबिनेट कोणते घ्यावे?

ऊनसावली (नागपूर)

सर्वांना नमस्कार. माझा गेमिंगचा संगणक सध्या ४७ सेंटिमीटर उंचीच्या जुन्या कॅबिनेटमध्ये टेबलाखाली ठेवलेला आहे. पुढच्या महिन्यात याच खोलीत धाकट्या भावाचे टेबल येणार असल्यामुळे तो उचलून मला माझ्या टेबलावर, मॉनिटरच्या उजव्या हाताला ठेवावा लागेल, आणि तिथे जेमतेम २२ सेंटिमीटर रुंदीची पट्टी मोकळी आहे. टेबल पुढून मागपर्यंत ५० सेंटिमीटर आहे आणि त्याच्या मागे लगेच भिंत आहे.

जागेपेक्षाही मला काळजी आहे ती उष्णतेची. आमची खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आहे. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा दुपारी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू असतानाही खोलीत ३४-३५ अंश असतात, आणि कूलर बंद केला तर ३८-३९. गेल्या उन्हाळ्यात खेळ सुरू करून वीस मिनिटे झाली की ग्राफिक्स कार्ड ८२ अंशांवर जाऊन थांबत असे आणि त्याच्या पंख्यांचा आवाज दार लोटलेले असतानाही आईला स्वयंपाकघरात ऐकू जात असे.

माझ्याकडचे भाग असे आहेत : रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स (मध्यम आकाराचा) मदरबोर्ड, तीन पंख्यांचे आरटीएक्स ४०७० सुपर कार्ड (लांबी ३०० मिमी, जाडी ५० मिमी), थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हा १५५ मिमी उंचीचा, प्रोसेसर थंड करणारा टॉवर कूलर आणि ७५० वॅटचा नेहमीच्या एटीएक्स आकाराचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा).

बरेच वाचून मी तीन नावांवर आले आहे. फ्रॅक्टल डिझाइनचे टेरा १०.४ लिटरचे आहे, कूलर मास्टरचे एनआर२००पी १८.२५ लिटरचे आणि असूसचे प्राइम एपी२०१ हे ३३ लिटरचे. कॅबिनेट जितके लहान तितके ते जास्त तापणार असे गृहीत धरून मी एपी२०१ कडे झुकले होते, पण पट्टीची जागा पाहता मन पुन्हा लहान कॅबिनेटकडे वळते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात १८ लिटरचे कॅबिनेट चालेल का, काचेची बाजू घ्यावी की जाळीची, आणि खोलीतल्या कूलरची दमट हवा संगणकाला बाधते का, या तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

सुटेभाग (पुणे)

नमस्कार. तुम्ही मापे दिली आहेत, त्यामुळे मुद्द्याचे बोलता येईल.

तुमच्या संगणकातली बहुतेक उष्णता एकाच भागातून येते. ४०७० सुपर पूर्ण भारावर २२० वॅट घेते. रायझन ५ ७६०० ला एएमडीने ८८ वॅटची मर्यादा घातलेली आहे आणि प्रत्यक्ष खेळताना तो त्याहून बराच कमी घेतो. म्हणून कॅबिनेट कोणतेही असो, पहिला प्रश्न हाच विचारायचा की कार्डाचे पंखे ज्या बाजूला तोंड करून आहेत त्या बाजूला काय आहे. तिथे बाहेरची ताजी हवा असेल तर १० लिटरही पुरतात. तिथे एसएमपीएसचा बंद कप्पा किंवा काच असेल तर ५० लिटरमध्येसुद्धा कार्ड स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत राहते. तुमचे जुने कॅबिनेट मी पाहिलेले नाही, पण तळाशी बंद कप्पा आणि दर्शनी बाजूला काच किंवा सपाट पत्रा असेल, तर ८२ अंशांचे कारण बहुधा तिथेच आहे.

आता तुमची तीन नावे. टेरामध्ये मदरबोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून उभे असतात आणि त्यांच्यामधून दोघांना जोडणारी रायझर केबल जाते. कार्डाचे पंखे बाजूच्या जाळीला जवळजवळ टेकलेले असल्यामुळे कार्डाची सोय उत्तम होते. अडचण प्रोसेसरची आहे. मधला कणा सरकवता येतो, पण कार्डाला दिलेली प्रत्येक मिलिमीटर जागा कूलरच्या उंचीतून वजा होते. कूलरसाठी ४८ ते ७७ मिमी एवढीच उंची मिळते, तेव्हा तुमचा १५५ मिमीचा टॉवर तिथे विसराच. ७० मिमीच्या आतला आडवा कूलर घ्यावा लागेल, सोबत तुमच्या बोर्डाहून लहान असा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणि एसएफएक्स या लहान आकाराचा एसएमपीएस. मी अशा रचनेचे एक कॅबिनेट दीड वर्ष वापरले आहे. कार्ड खरोखर शांत राहायचे, पण प्रोसेसरचा आडवा पंखा एप्रिल उजाडला की सतत सूर धरून असे, आणि तो सूर कार्डाच्या आवाजापेक्षा जास्त टोचत असे.

एनआर२००पी मध्ये रचना नेहमीसारखीच आहे, फक्त सगळे आवळून बसवलेले आहे, म्हणून मदरबोर्ड आणि एसएमपीएस इथेही टेरासारखेच लहान लागतात. तळाला १२० मिमीचे दोन पंखे, माथ्याला दोन आणि मागे ९२ मिमीचा एक अशी सोय आहे. कार्डाचे पंखे खालच्या दिशेला असतात, म्हणजे तळाच्या पंख्यांची हवा सरळ त्यांच्या तोंडी जाते. माझ्या मते या कॅबिनेटचे सगळे मर्म या एका गोष्टीत आहे. कार्ड ३३० मिमी लांबीपर्यंत आणि कूलर १५५ मिमी उंचीपर्यंत बसतो, म्हणजे तुमचा टॉवर कागदावर अगदी काठोकाठ बसतो. मात्र कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या पट्ट्यांवर येतो. रॅमला उंच शोभेचे हीटसिंक (धातूचे कवच) असतील तर पंखा वर सरकवावा लागतो, आणि मग १५५ चे १६० कधी होतात ते बाजू लावायला गेल्यावरच कळते. बुटकी रॅम असेल तर चिंता नाही.

हे कॅबिनेट काचेच्या आणि जाळीच्या अशा दोन्ही बाजूंसह येते. नागपुरात काच खोक्यातच राहू द्या.

एपी२०१ मध्ये तुमचे सगळे भाग जसेच्या तसे बसतील. ३३८ मिमीपर्यंत कार्ड, १७० मिमीपर्यंत कूलर, नेहमीचा एसएमपीएस, आणि चहूबाजूंनी बारीक जाळी. पैशांचा हिशोब केला तर हेच स्वस्त पडते, कारण मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणि एसएफएक्स एसएमपीएस हे दोन्ही त्याच गुणवत्तेच्या मोठ्या भागांपेक्षा बरेच महाग असतात. फक्त विकत घेण्यापूर्वी एकदा लिटर विसरा आणि लांबी पाहा. एपी२०१ पुढून मागे ४६० मिमी आहे, एनआर२००पी ३७६ मिमी आणि टेरा ३४३ मिमी.

पॅनेलवाला (भोसरी)

मी गेमिंग करत नाही. पण कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलमधली उष्णता बाहेर काढण्याचे काम २६ वर्षे केले आहे आणि मुलीचा संगणक मीच जोडला आहे, म्हणून दोन शब्द लिहितो.

लहान खोके जास्त तापते हा समज बहुतेकांचा असतो, आणि बंद खोक्याच्या बाबतीत तो खराही आहे, कारण तिथे उष्णता फक्त पत्र्यातून बाहेर जाते आणि लहान खोक्याला पत्रा कमी असतो. पंख्यांनी हवा खेळवलेल्या खोक्याचा हिशोब मात्र वेगळा होतो. एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.१ किलो धरा आणि एक किलो हवा एका अंशाने तापवायला सुमारे एक किलोज्यूल लागते असे धरा. तुमच्या संगणकाचे सगळे मिळून ३०० वॅट होतात असे मानू. आत येणारी आणि बाहेर पडणारी हवा यांच्यात १० अंशांपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नसेल, तर दर सेकंदाला सुमारे २७ लिटर हवा आतून गेली पाहिजे. पंख्यांच्या खोक्यांवर जे सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) छापतात त्या मापात हे ५७ च्या आसपास होते. या हिशोबात कॅबिनेटचे आकारमान कुठेही आलेले नाही हे लक्षात घ्या. १८ लिटरच्या कॅबिनेटमधली हवा सेकंदाला दीड वेळा बदलावी लागेल, ३३ लिटरमधली एकदाही पूर्ण नाही, पण हवा तेवढीच लागेल आणि पंखेही तेवढेच काम करतील. मोठ्या कॅबिनेटचा फायदा असा की त्यात हवेला वळायला जागा असते आणि तिथे जोडणाऱ्याची चूक पोटात घातली जाते. लहान कॅबिनेटमध्ये चूक लगेच दिसते.

पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे धुळीची जाळी आणि मागे केबलांचा गुंता आला की तो निम्म्यावरही येऊ शकतो. म्हणून ५७ सीएफएम हवे असतील तर ५७ चा एक पंखा लावून भागत नाही. दोन किंवा तीन मोठे पंखे हळू फिरवावेत, म्हणजे आवाजही कमी राहतो.

गरम हवा वर जाते म्हणून पंखे वरच लावावेत, हा सल्लाही सर्रास दिला जातो. गरम हवेचा वर जाण्याचा जोर पंख्याच्या झोतापुढे फारच किरकोळ असतो. खालून वर अशी वाट चांगली ठरते ती एवढ्याचसाठी की तुमच्या कार्डाचे तोंड खाली आहे.

परीक्षणांमधले आकडे वाचताना एक काळजी घ्या. ते बहुधा २१ ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. पंखे त्याच वेगाने फिरत असतील तर खोली जितक्या अंशांनी गरम, जवळपास तितक्याच अंशांनी आतला प्रत्येक भागही गरम होतो. परीक्षणात ६६ दिसले तर ३७ अंशांच्या खोलीत ७८-८० धरून चाला. तो कॅबिनेटचा दोष नव्हे.

त्यामुळे तुमच्या खोलीतला कूलर हाच तुमचा सर्वांत मोठा मदतनीस आहे. दमट हवेची भीती बाळगू नका. पाणी साचते ते हवेपेक्षा थंड असलेल्या पृष्ठभागावर, आणि चालू संगणकातला प्रत्येक भाग हवेपेक्षा गरमच असतो. खरी भीती आहे ती ताट्यांवरून उडणाऱ्या बारीक थेंबांची, कारण आपल्याकडच्या जड पाण्यातला क्षार थेंब सुकला की मागे राहतो. कूलरचा झोत संगणकावर थेट घेऊ नका, निदान पाच-सहा फूट अंतर ठेवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी असू द्या, म्हणजे संगणकाने टाकलेली उष्णता खोलीत कोंडून राहणार नाही. पावसाळा सुरू झाला की कूलरचा हा उपयोग संपतो, तेव्हा तो बंद ठेवलेलाच बरा.

आता एक स्वस्त चाचणी सांगतो. संगणक जोडून झाला की खोलीतला पंखा बंद करा, खेळ सुरू करा आणि एक उदबत्ती पेटवून तिचे टोक प्रत्येक जाळीच्या कडेने हळूहळू फिरवा. राख आत पडणार नाही एवढे जपा. ज्या जाळीतून हवा आत जायला हवी तिथे धूर सरळ रेषेत ओढला गेला पाहिजे. मुलीच्या संगणकात मागून बाहेर पडलेला धूर भिंतीला आपटून, खाली वळून तळाच्या जाळीतून पुन्हा आत जाताना मी डोळ्यांनी पाहिला. कॅबिनेट भिंतीपासून चार बोटांवर होते. ते एक वीत पुढे ओढले आणि पाय दीड इंचाने उंच केले, एवढ्यानेच कार्ड सहा अंशांनी उतरले. नवा पंखा घेण्याआधी हे करून पाहा.

खाडीकाठ (रत्नागिरी)

वरील दोघांचे म्हणणे पटते, तरी मी एपी२०१ च्याच बाजूने बोलेन, आणि त्याचे कारण तापमान नाही.

ताई, संगणक पाच-सहा वर्षे वापरायचा असेल तर मधल्या काळात काही ना काही बिघडणारच. माझा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत गेला. रत्नागिरीत मिळणे शक्यच नव्हते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ओळखीच्या माणसाने तीन दुकाने पालथी घातली, तेव्हा माझा प्रोसेसर बसेल अशा सॉकेटचा एकच बोर्ड सापडला आणि तोही मी मनात धरलेल्या किमतीच्या दीडपट. मायक्रो-एटीएक्स असता तर दोन दिवसांत काम झाले असते. एसएफएक्स एसएमपीएसचेही तेच. नागपुरात परिस्थिती आमच्यापेक्षा नक्कीच बरी असेल, पण स्थानिक दुकानात हे दोन भाग तयार मिळतात का, एवढे कॅबिनेट घेण्यापूर्वी विचारून या.

काचेबद्दल मात्र माझा अनुभव पक्का आहे. त्याआधीचे माझे कॅबिनेट समोरून पूर्ण काचेचे होते आणि हवेसाठी कडेला बोटभर फट होती. दुकानात त्यातल्या दिव्यांकडे पाहून घेतले. घरी खेळताना सहज एकदा पुढची काच काढून ठेवली, तर दहा मिनिटांत कार्ड ११ अंशांनी खाली आले. ती काच पुढे वर्षभर पलंगाखाली पडून होती.

आमच्याकडे धुळीपेक्षा त्रास खाऱ्या हवेचा आणि किड्यामुंग्यांचा. पावसाळ्यात उबदार जागा शोधत झुरळे येतात आणि मुंग्यांची रांग एसएमपीएसच्या जाळीतून आत शिरते. म्हणून मी जाळीच्या भोकांचा आकार पाहतो. एपी२०१ ची भोके दीड मिलिमीटरची आहेत, झुरळाचा प्रश्नच येत नाही. तुमच्याकडे मे महिन्यातल्या वावटळीची लाल धूळ असेल, तिच्यासाठीही बारीक जाळी आणि आठवड्याला एक मऊ ब्रश पुरेसा आहे. आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे वरचढ ठेवले तर फटींमधून धूळ आत येत नाही, उलट हवाच बाहेर झिरपत राहते.

ऊनसावली (नागपूर)

सर्वांचे मनापासून आभार. सुटेभाग यांनी लिटर विसरून लांबी पाहायला सांगितल्यावर मी फ्रिजच्या जुन्या पुठ्ठ्यातून तिन्ही कॅबिनेटच्या मापाची खोकी कापली आणि टेबलावर ठेवून पाहिली. ४६ सेंटिमीटरचे खोके ठेवल्यावर मागे चारच सेंटिमीटर उरले. मॉनिटरची केबल त्या जागेत वाकवून पाहिली तर खोके पुढे सरकून टेबलाच्या कडेबाहेर आले. पॅनेलवाला सरांनी सांगितलेली एक वीत सोडायची म्हटले तर ते टेबलावर मावतच नाही. एनआर२००पी च्या खोक्यामागे मात्र बारा सेंटिमीटर राहतात, आणि टेबल भिंतीपासून आणखी चार बोटे पुढे घ्यायला आईची हरकत नाही.

खाडीकाठ दादांचा मुद्दा मला सर्वांत जास्त पटला होता आणि त्यावर दोन दिवस विचार केला. घरातल्या बोलण्यात त्याचे उत्तर निघाले. भावालाही कॉलेजसाठी संगणक हवाच आहे. माझा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, एसएमपीएस आणि जुने कॅबिनेट त्याला दिले तर त्याच्यासाठी प्रोसेसर, रॅम आणि डिस्क एवढेच घ्यावे लागेल, त्यामुळे माझ्या नव्या बोर्डाचा खर्च वाया जात नाही. येथील दोन दुकानांत विचारून आले. एसएफएक्स एसएमपीएस एका ठिकाणी तयार आहे, बोर्ड मागवला तर चार दिवसांत येतो. म्हणून एनआर२००पी ठरले आहे.

आता शेवटची शंका. कार्ड ५० मिमी जाड असल्यामुळे तळाला २५ मिमी जाडीचे नेहमीचे पंखे मावतील की नाही, आणि मावले तरी कार्डाच्या इतके जवळ लावावेत का? शिवाय माथ्याच्या दोन पंख्यांची दिशा कोणती ठेवू?

सुटेभाग (पुणे)

पुठ्ठ्याची युक्ती मीही यापुढे वापरेन.

तळाच्या पंख्यांसाठी कार्ड आधी बसवा आणि कार्डाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. तळाचा पंखा कार्डाच्या पंख्याला टेकत असेल, किंवा मध्ये नावापुरतीच फट उरत असेल, तर १५ मिमी जाडीचे सडपातळ पंखे घ्या. दोन पंखे एकमेकांच्या अगदी तोंडाशी आले की विचित्र घरघर सुरू होते, आणि ती वेग बदलला तरी पूर्ण जात नाही. बोटभर फट हवीच. माथ्याचे दोन्ही पंखे हवा बाहेर टाकणारे ठेवा. मागचा ९२ मिमीचा पंखा तुमच्या टॉवरच्या वाटेतच येतो, तोही बाहेर टाकणारा असू द्या, पण हळू. खाडीकाठ म्हणतात तसा आतल्या हवेचा वरचढपणा टिकवायला तळाचे पंखे माथ्याच्या पंख्यांपेक्षा थोडे जलद फिरवा. प्रोसेसरसाठी पाणी खेळवणाऱ्या कूलरचा विचार मनात आला असेल तर तो सोडा, ७६०० ला त्याची गरज नाही.

कार्डाची १६ पिनांची केबल जोडणीपासून निदान ३५ मिमी सरळ जाऊ द्या, मगच वाकवा, आणि पिन पूर्ण आत बसल्याचा टक असा आवाज आल्याशिवाय बाजू लावू नका. लहान कॅबिनेटमध्ये केबल दाबून बाजू लावण्याचा मोह फार होतो.

यानंतर पैसे न लागणारी कामे. कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणली की २२० चे १७६ वॅट होतात. फ्रेम (सेकंदाला तयार होणारी चित्रे) अगदी थोड्या कमी होतात, पण ४४ वॅट उष्णता निर्माणच होत नाही. तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर फ्रेमही १४० च्या आसपास बांधून टाका. पडद्यावर न दिसणाऱ्या फ्रेमसाठी खोली तापवण्यात अर्थ नाही. प्रोसेसरसाठी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, इको मोड असतो, त्यात ७६०० ची मर्यादा ८८ वरून ६१ वॅटवर येते. पंख्यांचा वेग ठरवताना प्रोसेसरच्या क्षणाक्षणाला उड्या मारणाऱ्या तापमानामागे कॅबिनेटचे पंखे धावू देऊ नका. बायोसमध्ये विलंब देता येतो, तो काही सेकंदांचा ठेवा.

पॅनेलवाला (भोसरी)

वरच्या म्हणण्यात एकाच गोष्टीची भर. चाचणी घेताना आधी वीजमर्यादा न लावता पूर्ण भारावर घ्या आणि शेजारी भिंतीवरच्या तापमापकाचा आकडाही लिहून ठेवा. खोलीचे तापमान न लिहिलेली नोंद पुढच्या महिन्यात निरुपयोगी ठरते. कार्डाच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करून जो फरक उरतो, तोच डिसेंबरात आणि मे महिन्यात तुलना करण्याजोगा असतो.

ऊनसावली (नागपूर)

संगणक जोडून पाच आठवडे झाले आणि मधे मे महिना पूर्ण गेला, म्हणून नोंदी कळवते. पुढे कोणाला उपयोग होईल.

कार्ड बसवून पट्टीने मोजल्यावर तळाला १५ मिमीचेच पंखे घेतले. २५ मिमीचे मावले असते, पण फट नखाएवढी उरत होती. कूलरचा पुढचा पंखा रॅमवर टेकला आणि जाळीची बाजू बंद झाली तेव्हा कूलरचे टोक आणि जाळी यांमध्ये पोस्टकार्ड जेमतेम सरकत होते. माझी रॅम बुटकी होती म्हणून निभावले.

सर्व नोंदी एकाच खेळावर, अर्धा तास खेळून घेतल्या. भिंतीवर ३५ अंश असताना, वीजमर्यादा न लावता, काचेची बाजू लावून कार्ड ७९ वर स्थिरावले. काच काढून जाळी लावली तेव्हा ७३. भिंतीवर तेच ३५ होते. म्हणजे फरक ४४ वरून ३८ वर आला. वीजमर्यादा ८० टक्के केल्यावर कार्ड ६७ वर थांबले आणि मला खेळताना काहीही कमी जाणवले नाही. एका दुपारी वीज गेल्यामुळे खोलीतला कूलर बंद होता. वीज आल्यावर त्याचे पाणी भरेपर्यंत भिंतीवर ३९ होते, तेव्हाही कार्ड ७१ च्या वर गेले नाही.

उदबत्तीची चाचणी दोनदा केली. पहिल्यांदा तळाच्या मागच्या कोपऱ्यात धूर आत जायच्या ऐवजी बाहेर ढकलला जात होता. पाहिले तर त्या बाजूचा तळाचा पंखा मीच उलटा बसवला होता. तो फिरवून घेतला. वरच्या नोंदी त्यानंतरच्या आहेत. दुसऱ्यांदा धूर दोन्ही जाळ्यांतून सरळ आत गेला आणि माथ्यावरून बाहेर पडताना दिसला. पायांखाली मी सागाच्या चार ठोकळ्या ठेवल्या आहेत, त्यामुळे खाली आता दीड इंच मोकळे आहे.

तळाची जाळी दर दुसऱ्या रविवारी नळाखाली धुऊन, पूर्ण वाळवून परत लावते. पहिल्यांदा काढली तेव्हा तिच्यावर दोन्ही पंख्यांच्या आकाराची तांबूस धुळीची दोन वर्तुळे उमटलेली होती, आणि वर्तुळांच्या बाहेरची जाळी अगदी कोरी होती.